दाराच्या रबराला कुंकू

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून फोनच. खंडेनवमीच्या आधी सगळ्या गिऱ्हाइकांना बजावून सांगायचं, हे दरवर्षीचंच काम. दवाखाने, दातांचे डॉक्टर, रक्त-लघवी तपासणारे लॅबवाले, ज्यांच्या ज्यांच्याकडं हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं व्हॅक्यूमचं मशीन, म्हणजे ऑटोक्लेव्ह, आहे ते सगळे. मेसेजही टाकला : 'मशीनची पूजा अवश्य करा. हार वर घाला. पण दाराच्या रबराला हळद-कुंकू लावू नका, तेल लावू नका, मशीनवर नारळ फोडू नका. – दिलीप, ऑटोक्लेव्ह सर्व्हिस.'

उत्तरं आली ती सगळी जोडलेल्या हातांची. कागलच्या दातांच्या डॉक्टरनं 'शुभ दसरा भाऊ' म्हणून झेंडूचं चित्र पाठवलं. म्हणजे वाचलेलं नाही.

लोकांना हे मशीन म्हणजे मोठा कुकर वाटतो. कुकर असता तर माझी गरज काय. जुन्या उभ्या डब्यात नुसती वाफ व्हायची, हवा कुठंतरी आतच दडून बसायची. यात पंप आधी हवा ओढून काढतो, मग वाफ सोडतो, म्हणजे ती कपड्याच्या गाठोड्याच्या आतल्या घडीपर्यंत जाते. हवा राहिली तिथं वाफ नाही, वाफ नाही तिथं जंतू जिवंत. दाराच्या रबराखाली कुंकवाची एक रेघ आली तरी बाहेरची हवा आत शिरते. एवढी साधी गोष्ट, पण सांगून सांगून माझी जीभ झिजली.

बायको, मं., म्हणाली, "मेसेजात एखादी ओळ गोड लिहायची. दम दिल्यासारखं वाटतंय."

दमच आहे तो.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

उद्यमनगरात सकाळपासून झांजा, ढोल, पेढे. प्रत्येक लेथला हार. आमच्या वर्कशॉपात पाने, मीटर, सोल्डरिंग, सुटा पंप असं सगळं पाटावर मांडलं. मं.नं रांगोळी काढली. मी पंपाला कुंकू लावलं तर लगेच, "लोकांना नको म्हणता आणि स्वतः लावता?"

म्हटलं, मी जागा बघून लावतो.

"त्यांनाही जागा दाखवायची मग. नुसतं नको नको काय."

बायको मेकॅनिक झाली असती तर धंदा दुप्पट झाला असता. तिला तसं सांगितलं नाही.

३ ऑक्टो., शुक्र.

सीझन सुरू. कागल : पाण्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या, मशीन पाणी सोडेना. शाहूपुरीतली लॅब : नारळाचं पाणी बटणांवर, पडदा आंधळा. आणखी एक दातवाले : हाराचा दोरा दारात अडकलेला आणि म्हणतात दार लागत नाही. दोरा काढला, दार लागलं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

संध्याकाळी कोडोलीच्या डॉ.बाईंचा फोन. त्यांचं छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल. मशीन तापवून घेतलेली सकाळची टेस्ट फेल गेली म्हणाल्या. टेस्ट म्हणजे रिकाम्या मशीनमधली हवा ओढायची आणि गप्प बघत बसायचं. दाबाचा काटा जागेवर राहिला तर पास, सरकायला लागला तर कुठून तरी हवा आत येतेय.

मी विचारलं, पूजा केली का?

"केली की. दरवर्षी करतो."

झालं. फोनवरच रोग कळला. उद्या जातो म्हटलं.

४ ऑक्टो., शनि.

कोडोली. गेल्या गेल्या दार उघडलं. दारावर मोठं कुंकवाचं बोट, खाली हळद आणि रबराच्या कडेला लाल रेघ. जे वाटलं होतं तेच.

तिथं मशीन रशिदामावशींकडं असतं. मावशी म्हणायचं, वयानं माझ्याएवढ्याच असतील. डॉ.बाईंच्या सासूबाई हॉस्पिटल चालवायच्या तेव्हापासूनच्या आया. हत्यारं धुणं, हिरव्या कपड्याची गाठोडी बांधणं, मशीन लावणं, सगळं त्याच. बाहेर बाकावर घड्या घालत बसलेल्या. शेजारी कुणा बाळंतिणीबरोबर आलेल्या दोन बायका.

मी तिथूनच विचारलं, "मावशी, रबराला कुंकू कुणी लावलं?"

"दाराला लावलंय की. रबराला न्हाय."

"मग ही लाल रेघ काय हाय?"

"पुसताना गेलं आसंल. दरसाल लावतोय की, कवा बिघडलंय व्हय?"

'दरसाल लावतोय' म्हटल्यावर माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "तुमचा सण न्हाय, तुमचा देव न्हाय, मग मधी हात कशाला घालायचा? ज्याचं त्यानं करावं की."

त्यांनी हातातली घडी अर्धीच ठेवली, पदराला हात पुसले आणि आत गेल्या. एरवी बोलण्यात कुणाला ऐकत नाहीत. बरं झालं, पुढच्या वर्षी लक्षात राहील.

रबर काढून धुतलं, खाच पुसली, परत बसवलं. टेस्ट पास. अगदी काठावर, पण पास. परत एकदा मशीन तापवून करायला हवी होती, पण हातकणंगल्याचा फोन येत होता.

५ ऑक्टो., रवि.

दुपारी जेवताना मं.ला सीझनच्या गमती सांगत होतो. पाकळ्या, नारळाचं पाणी, दोरा. हसत होती. मग कोडोलीचं सांगितलं, मी काय म्हणालो तेही. तिनं पळी भांड्यात ठेवली.

"असं म्हणालात?"

"रागात म्हणालो."

"राग मशीनचा होता ना? मग देव कुठनं आला मधी?"

मी म्हटलं, अगं तसं नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं. ती म्हणाली, "मग कसं म्हणायचं होतं, ते सांगा." आणि खरंच, दुसरं कसं ते मला सांगता आलं नाही. रस्सा वाढला तिनं, पण नंतर बोलली नाही. रविवार वाया.

६ ऑक्टो., सोम.

डॉ.बाईंचा फोन. टेस्ट परत फेल. आणि गाठोड्याच्या मधोमध घालायचा तपासणीचा कागद मध्ये फिका राहिला. तो सगळीकडं सारखा काळा व्हायला हवा. मध्ये फिका म्हणजे आत हवा.

मी म्हटलं, मावशींना सांगा, गाठोडं सैल बांधा.

"मावशी आलेल्या नाहीत. शनिवारपासून नाहीत. गुडघा दुखतो असा निरोप आहे. नर्स बांधतेय."

डॉ.बाईंनी आतलं एकही गाठोडं वापरलं नाही. सिझेरियनच्या ठरलेल्या पेशंटना कोल्हापूरला जायला सांगितलं. एकीच्या सासूनं तिथंच भांडण काढलं म्हणे, आमच्या सगळ्या सुनांची बाळंतपणं हितंच झाली, हीच का बाहेर न्यायची. डॉ.बाईंचा आवाज थकलेला होता. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुडघा. मला तरी त्यांचा गुडघा कधी दुखताना दिसला नाही.

७ ऑक्टो., मंगळ.

दिवसभर कोडोली. नवं रबर घातलं. फेल. दाराची कडी बदलली. फेल. मग एकेक नळी बंद करत मागं गेलो. शेवटी तापलेल्या मशीनमध्ये हवा भरली आणि साबणाचा फेस घेऊन सगळे सांधे चोपडले, सायकलवाला पंक्चर बघतो तसं. मागच्या बाजूला, पंपाकडं जाणाऱ्या नळीच्या पितळी सांध्यावर एक बारीक बुडबुडा आला. फुटला. परत आला.

केसाएवढी चीर. मशीन गार असलं की मिटते, तापलं की उघडते. शनिवारी गार मशीनवर टेस्ट केली, म्हणून पास.

कुंकवाचा काही संबंध नव्हता. कुणाचाच नव्हता. पंपाच्या थरथरीनं पितळ चिरलं, एवढंच. दसरा नसता तर मी आधी मागंच बघितलं असतं. दसरा होता म्हणून लाल रेघ दिसली आणि तिथंच माझी बुद्धी बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात.

तिथंच फरशीवर बसलो. नर्सनं चहा आणला. तिला म्हटलं, पूजेमुळं नव्हतं गं बिघडलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय?"

९ ऑक्टो., गुरु.

सांधा पुण्याहून मागवला तर दिवाळी होईल. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडं उभं राहून करून घेतला. तो म्हणाला, "एवढ्याशा पितळासाठी एवढी घाई?" त्याला काय सांगणार.

बसवला. मशीन तापवून टेस्ट, पास. गार करून, पास. परत तापवून, पास. कागद कडेपासून मध्यापर्यंत काळाभोर. डॉ.बाईंनी चष्मा लावून बघितला, उलटा करून बघितला.

मग म्हणाल्या, "दिलीपराव, तुम्ही काय बोललात ते मला नर्सनं सांगितलं."

मी मान खाली घालून पाने गोळा करत राहिलो.

"माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः पूजेचं ताट मावशींच्या हातात दिलं. मी खंडेनवमीला नेहमी कुठल्या तरी बाळंतपणात अडकलेली. सासूबाईंनी सुनेला नाही दिलं, त्यांना दिलं. मला तेव्हा थोडं लागलं होतं, खरं सांगते." आणि मग, "मशीन चालू केलंत, उपकार झाले. पण मशीन लावायला माणूस नाही माझ्याकडं. जे बिघडवलंत तेवढं दुरुस्त करा."

एवढ्या हळू आवाजात मला आजवर कुणी इतकं झापलं नव्हतं.

११ ऑक्टो., शनि.

गेलो मावशींच्या घरी. बाजारामागच्या गल्लीत, खाली गाद्यांचं दुकान, वर घर. दुकानात त्यांचे मालक, बाबूलालचाचा. कापसाच्या ढिगात बसलेले, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"या पावणं, बसा. गादी का उशी?"

मी हॉस्पिटलचं मशीन बघतो म्हटलं तर एकदम उठले. "दिलीपदादा व्हय? हिच्या तोंडात सारखं तुमचं नाव असतंय. मशीनचं लई न्यान हाय म्हणती त्या माणसाला. ए, च्या टाक गं." आतून सुनेनं चहा पाठवला. मावशी कागलला लेकीकडं गेलेल्या. गुडघा दुखतोय म्हणून जरा आराम.

म्हणजे घरी काहीच सांगितलेलं नाही. चाचांना काही माहीत नाही. आणि हा माणूस मला पंख्याखाली बसवतोय, बशीतलं बिस्किट पुढं करतोय, म्हणतोय हिला परत तिकडं धाडतो, तुमी काळजी करू नगा.

काय बोलणार? 'तुमच्या बायकोला मी असं असं बोललो' हे त्या बिस्किटावर कसं बोलायचं? जीभ उचलेना. त्या दिवशी बरी उचलली होती.

निघताना काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, दोन उशा द्या. त्यांनी खास नवा कापूस भरला, शिवून दिल्या. गाडीच्या मागं बांधून आणल्या.

मं. दारात. "माफी मागायला गेलात आणि उशा घेऊन आलात?"

१३ ऑक्टो., सोम.

उशा चांगल्या आहेत. हेच वाईट आहे.

मं. सकाळी चहा देताना म्हणाली, "आमच्या गावात मोहरमला पीर माझा चुलता उचलायचा. शेवटपर्यंत. अंघोळ करून, उपास धरून. त्याला कधी कुणी म्हटलं नाही, तुमचा सण नाही, हात का घालता. तो गेला तेव्हा मुल्लाणी म्हातारा आमच्या ओट्यावर बसून रडला होता. तुम्ही पण होतात की त्या दिवशी."

होतो. त्या म्हाताऱ्याला पाणी मीच दिलं होतं. मग हे माझ्या तोंडात आलं कुठून? घरात कधी असं बोलत नाही. लहानपणीही असलं ऐकल्याचं आठवत नाही. पण हल्ली चहाच्या टपरीवर, फोनवर, येता जाता कानावर पडतं. मी काही बोलत नाही, नुसता ऐकतो. ऐकलेलं आत बसून राहतं, हे मला कळायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

परत कोडोली. मावशी कागलहून आल्याचं नर्सकडून कळलं होतं. चाचा नमाजला गेलेले, दुकानात मावशी एकट्या, सुईत दोरा ओवत. मला बघून उठल्या नाहीत. बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभाच.

"मावशी, मशीन कुंकवानं बिघडलं नव्हतं. मागं चीर होती."

"कळलं मला. नर्स बोलली."

"चुकलो मी."

"मशीनचं चुकलासा त्यात काय न्हाय. डाक्टरबी चुकतोय." दोरा ओवून झाला, गाठ मारली. "दुसरं बोललासा त्ये बोला."

मी म्हटलं, ते रागात... आणि थांबलो, कारण मं.चा चेहरा आठवला. म्हटलं, "ते बोलायला नको होतं. चूक झाली. माफ करा."

त्यांनी टाका घातला, दोरा ओढला. मग म्हणाल्या, "बाकावर दोन बायका हुत्या. दोघी कोडोलीच्याच. एकीचा पोरगा माझ्या हातात जलमलाय, बाहेर आला त्यो रडंना, म्याच पाठ चोळली त्येची. तिच्यासमोर तुमी मला परकी केलासा. ती काय बोलली न्हाय. खाली बघिटलं तिनं. मला तुमचं न्हाय एवढं लागलं, तिचं खाली बघणं लागलं."

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"आनि आता हितं यिऊन, दुकानात कोण न्हाय बघून, हळू बोलतासा. मोठ्यानं बोललेलं हळू फिटत नसतंय, दादा."

चाचा परत यायच्या आत निघालो. पळालोच म्हणा.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

आकाशकंदील, फराळ, पाहुणे. चिवडा या वर्षी जमलाय. वर्कशॉपात पूजा. हातात कुंकवाची डबी घेतली आणि तसाच उभा राहिलो. मं.नं डबी घेतली, स्वतः लावलं.

'मोठ्यानं बोललेलं हळू फिटत नसतंय.' सारखं डोक्यात. मोठ्यानं म्हणजे कुठं? त्याच जागी, लोकांत. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. चारचौघांत ओरडायची आहे.

मं.ला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? म्हणाली, "मी असते तर मुळात बोलले नसते." मग थोड्या वेळानं, करंजीचं ताट पुढं करत, "जा. मी येऊ का संगं?"

नको म्हटलं. बायको शेजारी उभी करून माफी मागितली तर ती अर्धी तिचीच व्हायची.

२५ ऑक्टो., शनि.

केलं.

शनिवार म्हणून गेलो, त्या दिवशी पेशंट जास्त. बाकं भरलेली, लोक उभे. डॉ.बाईंना आधी सांगितलं, त्या नुसत्या म्हणाल्या, "बोला," आणि आपल्या खोलीचं दार उघडंच ठेवलं.

मी मशीनच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. त्या दिवशी जिथून ओरडलो तिथंच. म्हटलं, "जरा ऐका सगळ्यांनी." कुणी ऐकलं नाही. एका बाईनं विचारलं, "कितवा नंबर चाललाय?" परत म्हटलं, या वेळी जरा जोरात, आणि आवाज फाटला.

जे बोललो ते असं : "मी हितलं मशीन दुरुस्त करतो. दसऱ्याच्या वेळी मी रशिदामावशींना हितं सगळ्यांसमोर बोललो, की तुमच्या पूजेनं मशीन बिघडलं. ते खोटं निघालं. मशीन आपलं आपण चिरलं होतं. आणि तुमचा सण न्हाय म्हणून मी त्यांना बोललो. ते बोलायचा मला काही अधिकार नव्हता. मी चुकलो. त्यांना कुणी भेटलं तर सांगा."

घरी पाठ केलं होतं ते याहून बरं होतं.

मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "बरं, आता मशीन चालू हाय न्हवं?"

"हाय."

"मग बसा की खाली."

दोघं-तिघं हसले. पण एक तरुण बाई, कडेवर पोर, हसली नाही. "रशिदामावशीला बोललासा तुमी? माझी दोन्ही लेकरं तिनंच न्हाऊ घातल्यात." आणि माझ्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "सांगते तिला."

बाहेर आलो. गाडीला आधी वर्कशॉपची किल्ली लावली. वाघबीळच्या घाटापर्यंत कुठं थांबलो नाही. पण मग भूक लागली. कितीतरी दिवसांनी खरी भूक. वाटेत थांबून मिसळ खाल्ली.

३० ऑक्टो., गुरु.

डॉ.बाईंचा मेसेज : 'मावशी आज आल्या. मशीन लावलं. तुम्ही शनिवारी या, पाण्याची जाळी बदलायची आहे.'

जाळी बदलायला अजून वेळ आहे. त्यांनाही ते माहीत आहे.

मं.ला वाचून दाखवला. तिनं घेऊन स्वतः परत वाचला. मग म्हणाली, आता उशांना अभ्रे शिवायला हरकत नाही. इतके दिवस तशाच होत्या.

१ नोव्हेंबर, शनि.

गेलो. मावशी गाठोडी बांधत होत्या. हिरवं कापड तिरकं पसरायचं, हत्यारांचं तबक मध्ये, चार कोपरे आत, शेवटच्या कोपऱ्याचा एक कान बाहेर ठेवायचा, म्हणजे उघडणाऱ्याचा हात आत लागत नाही. नर्सला जमत नाही तसा तो कान. मी जाळी बदलत बसलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "ऐकलं म्या. गावभर झालं."

"व्हय."

"आवाज फुटत न्हवता म्हनं तुमचा."

"न्हवता."

"तरीबी बोललासा." कान ओढून सरळ केला. "आमच्या ह्यास्नीबी कळलं मग. बाजारात कुनी बोललं. मला म्हनाले, म्या त्या माणसाला बिस्किट दिलं."

मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं. वाटलं, चला, झालं. मिटलं.

मग त्या उठल्या, कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवरून पितळेचं ताट काढलं. पूजेचं. हळदी-कुंकवाची डबी आतच. माझ्यापुढं धरलं.

"ह्ये न्या तुमी."

"मी?"

"पुढल्या खंडेनवमीला पूजा तुमी करायची. कुंकू कुठं लावायचं त्ये तुमास्नी ठावं हाय."

म्हटलं, "मावशी, मी सगळ्यांसमोर माफी मागितली की."

"मागिटली. म्हणून तर कामावर आलो. मनात राग न्हाय माझ्या." ताट धरूनच होत्या. "खरं परवा म्या ह्ये घासाय काढलं, आन् डबीला हात लावाय गेलो तर त्ये बोलणं आठवलं. हात मागंच आला. थोरल्या बाईंनी दिल्यापास्नं असं कवा झालं न्हवतं. आता न्हाय धजत, दादा. म्या तर काय करू."

मी ताट घेतलं. न घेऊन काय करणार. त्या परत बसल्या, नवं कापड पसरलं, तबक मध्ये ठेवलं. डॉ.बाई दारात येऊन गेल्या, त्यांनी माझ्या हातातलं ताट बघितलं.

येताना ताट पिशवीत घालून पुढ्यात ठेवलं. खड्ड्यातून गाडी गेली की डबी वाजायची.

२ नोव्हें., रवि.

मं.नं ताट चिंचेनं घासलं. खाली कडेला कुणाचं तरी नाव कोरलंय, झिजलंय, वाचता येत नाही. डॉ.बाईंच्या सासूबाईंचंच असणार.

मी म्हटलं, देवघरात ठेवू का वर्कशॉपात? ती म्हणाली, "दोन्हीकडं नको. आपलं नाही ते." कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, वर, हाताला येईल असं.

मग विचारलं तिला, धजेल का गं त्यांचा हात परत? तिला काय माहीत असणार, मलाच नाही. पितळेचा सांधा लेथवर करून मिळतो, म्हणून मी सवयीनं विचारतो. ती म्हणाली, "अजून वर्ष आहे. मधनंमधनं जात जा. मशीनचं काम नसलं तरी."

जाईन. चाचांकडं गादीही सांगायची आहे.

पुढच्या खंडेनवमीला ताट घेऊन सकाळीच कोडोलीला पोचायचं. पूजा मी सुरू करणार नाही. आधी त्यांच्यापुढं ताट धरून उभा राहीन. घेतलं तर घेतलं.